हेलिकॉप्टर का आलं ते नंतर बघू; आधी ते कसं फिरलं ते सांगा

प्रश्न पुण्यातल्या बावधनच्या एका सोसायटीचा आहे. गेले तीन दिवस सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास एक हेलिकॉप्टर इमारतीवरून अगदी खालून येतं, दोन-तीन घिरट्या घालतं आणि निघून जातं. खिडक्यांच्या काचा थरथरतात. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये तर्क चालू आहेत. कुणी म्हणतं मोठा नेता येणार, कुणी म्हणतं रिंगरोडसाठी जमिनी मोजतायत, कुणाला वाटतं पोलीस कुणाला तरी शोधतायत. काही जणांनी औषधफवारणीच्या भीतीने मुलांना घरात घेतलं. हे नक्की काय असावं, एवढं खाली उडायची परवानगी असते का, आणि तक्रार करायची तर कुठे?

या सगळ्या तर्कांत एक गोष्ट कुणीच नीट सांगितलेली नाही, ती म्हणजे हेलिकॉप्टरची वाट. हेलिकॉप्टर तासाला बरंच इंधन पितं, ते उगाच कुणी फिरवत नाही. ज्या कामाला ते निघालं आहे त्या कामाचा आकार त्याच्या वाटेत उतरतो. म्हणून रंग, आवाज, उंची यांच्या आधी कागदावर त्याची वाट काढा: कुठून आलं, कुठे वळलं, किती वेळा, कोणत्या दिशेला गेलं.

सरळ आलं आणि सरळ गेलं, तर तो नुसता प्रवास. बावधन, पाषाण, सूस, पौड या पट्ट्यात असा प्रवास बराच दिसतो, कारण मुंबईच्या जुहूहून पुण्याकडे किंवा पुण्यावरून पुढे जाणारी हेलिकॉप्टरं घाट ओलांडून याच बाजूने येतात. खासगी हेलिकॉप्टरं बहुतांशी डोळ्यांनी जमीन बघत उडतात. पावसाळ्यात मुळशीकडे ढग डोंगराला टेकले की वैमानिकाला ढगात शिरता येत नाही. मग तो ढगाखालून, दरीतून, रस्ता किंवा नदी धरून येतो. खालच्या माणसाला वाटतं, मुद्दाम घरावरून आला. खरं तर वरचं छत खाली आलेलं असतं. हा पट्टा सोपा नाही, हे 2024 मध्ये दोनदा दिसलं. 24 ऑगस्टला पौडजवळ एक हेलिकॉप्टर कोसळलं आणि चौघे जखमी झाले. 2 ऑक्टोबरला सकाळी बावधनजवळच दुसरं कोसळलं आणि तिघांचा जीव गेला. त्या सकाळी परिसरात धुकं होतं. त्यामुळे बावधनकरांना खालून जाणाऱ्या हेलिकॉप्टरची धास्ती वाटणं अगदी साहजिक आहे, तिला कुणी हसू नये.

एकाच जागेभोवती दोन-तीन घिरट्या आणि मग खाली उतरणं, किंवा न उतरता परत जाणं, ही दुसरी वाट. तुमच्या वर्णनाला हीच सगळ्यांत जवळची वाटते. अनोळखी जागी उतरण्याआधी वैमानिक साधारण पाचशे फुटांवरून एक फेरी मारतो आणि मग त्याहून खालून आणखी एक. पहिल्या फेरीत तो वारा कुठून आहे, जागा किती मोठी आहे, उतार कुठल्या बाजूला आहे आणि काही बिघडलं तर कुठे पडता येईल हे बघतो. दुसऱ्या फेरीत शोधायच्या असतात त्या तारा. विजेची तार वरून जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ते खांब, म्हणून वैमानिक खांब हेरतो आणि दोन खांबांमध्ये तार आहे असंच धरून चालतो. शिवाय उतरायचं वाऱ्याला तोंड देऊन. वारा पश्चिमेचा असेल तर शेवटचा टप्पा पूर्वेकडून पश्चिमेला येणार, मग त्या रेषेत तुमची इमारत असो वा नसो. दुसऱ्या दिवशी वारा फिरला की वाटही फिरते, आणि सोसायटीत नवा तर्क निघतो.

ही नेत्याच्या दौऱ्याची तयारी असेल तर जमिनीवर खुणा दिसतात. जवळच्या मैदानावर सार्वजनिक बांधकाम विभागाचे लोक चुन्याने गोल आणि त्यात इंग्रजी एच अक्षर आखतात. हे अक्षर सहसा 3 मीटर उंच आणि 1.8 मीटर रुंद असतं. धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारतात, वाऱ्याची दिशा कळावी म्हणून कापडी नळी किंवा झेंडा लावतात, आणि प्रत्यक्ष वेळी अग्निशमनाची गाडी व रुग्णवाहिका उभी राहते. पंतप्रधानांच्या दौऱ्यात हवाई दलाची एमआय-17 जातीची हेलिकॉप्टरं येतात, सहसा तीन, आणि आदल्या दिवसांत रंगीत तालीम होते. तालमीत उतरून लगेच उठणं किंवा नुसतं वरून बघून जाणं नेहमीचं आहे. निवडणुकीच्या हंगामात हेच दृश्य छोट्या हेलिकॉप्टरांनी दिवसातून अनेकदा दिसतं. स्थानिक पोलीस ठाण्याला याची कल्पना असते, कारण मैदानाला बंदोबस्त त्यांनाच द्यायचा असतो. एक फोन केला तर अर्धे तर्क मिटतात.

बावधनसाठी आणखी एक शक्यता कॅलेंडर पाहून तपासा. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी तुमच्यापासून फार लांब नाही. तिथलं दीक्षान्त संचलन मे आणि नोव्हेंबरच्या अखेरीस असतं, त्यात हवाई सलामी असते, आणि आधीचे काही दिवस तिचा सराव चालतो. त्या दिवसांत ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दिशेने, एकामागे एक अशी हेलिकॉप्टरं दिसली तर दुसरं काही शोधायची गरज नाही.

घिरट्यांचं तिसरं कारण म्हणजे वाट पाहणं. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि नागरी विमानंही तिथेच उतरतात. धावपट्टीवर लढाऊ विमानं किंवा प्रवासी विमान असेल तर हेलिकॉप्टरला बाहेरच थांब म्हणून सांगतात. ते मग एखादा चौक, टेकडी किंवा तलाव धरून गोल फिरत राहतं. अशा फेऱ्या आकाराने सारख्या असतात, उंची बदलत नाही, आणि परवानगी मिळाली की ते एकदम सरळ पूर्वेकडे निघतं.

आता जमीन मोजण्याचा तर्क. हवेतून मोजणी होते, पण तिची वाट अगदी वेगळी असते. ट्रॅक्टर शेतात नांगर ओढतो तशी: एक लांब सरळ रेघ, टोकाला वळण, शेजारून समांतर दुसरी रेघ, आणि हे तासन्‌तास. रस्ता किंवा रेल्वेच्या आखणीसाठी लेझरने उंचसखलपणा मोजतात, त्याला लायडार म्हणतात. मुंबई-अहमदाबाद हायस्पीड रेल्वेच्या मार्गाची अशी हवाई मोजणी झाली होती. त्यात लांब पट्टा धरून जाणं-येणं असतं, एका सोसायटीभोवती घिरट्या नसतात. गावठाणाची किंवा छोट्या क्षेत्राची मोजणी आता ड्रोनने होते, तिला हेलिकॉप्टर परवडत नाही. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: हवाई मोजणी म्हणजे भूसंपादन नव्हे. संपादनाला जाहीर अधिसूचना आणि नोटीस लागते, ती तलाठी कार्यालयात बघायची, आकाशात नाही.

भूजलाची मोजणी तर पहिल्या नजरेत ओळखू येते. हेलिकॉप्टरखाली दोरांनी टांगलेली भलीमोठी षटकोनी चौकट असते आणि ती जमिनीपासून जेमतेम तीसेक मीटरवरून सरकते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने केंद्रीय भूजल मंडळासाठी देशात सहा ठिकाणी असा प्रयोग केला, त्यात नागपूर जिल्ह्यातलं चंद्रभागा नदीचं पाणलोट क्षेत्र होतं. चौकटीतून वीज सोडून ती एकदम तोडतात आणि जमिनीतून येणाऱ्या प्रतिसादावरून खडक किती ओला आहे ते काढतात. दाट वस्तीवर हे काम करत नाहीत. टांगलेलं ओझं घरांवरून न्यायचं नसतं, हे एक कारण. दुसरं असं की विजेच्या तारा आणि लोखंडी पाइप त्या मोजणीचा पार विचका करतात.

अतिउच्चदाबाच्या वाहिन्यांची तपासणी चाकण, लोणीकंदकडच्या लोकांनी ध्यानात ठेवावी. हेलिकॉप्टर मनोऱ्यांच्या रांगेला धरून, पण तिच्या बाजूने, हळूहळू जातं आणि मनोऱ्यापाशी रेंगाळतं. नाकाखाली चेंडूसारखा कॅमेरा असतो. तो तापलेले जोड आणि तडकलेले इन्सुलेटर शोधतो. नदी धरून खालच्या अंगाला जाणारं, मधूनच थांबणारं हेलिकॉप्टर शोधकार्यावर असतं. ऑगस्ट 2016 मध्ये महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा तटरक्षक दलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टरं नदीच्या मुखापर्यंत अशीच फिरत होती. तुमच्या इमारतीवरची वाट या दोन्हींत बसत नाही. पोलिसांचा तर्कही सोडून द्या. गडचिरोलीत नक्षलविरोधी कामात हेलिकॉप्टर वापरतात, पण पुण्याच्या उपनगरात चोर शोधायला कुणी ते आणत नाही.

फवारणीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मुलांना घाबरवणारा तर्क हाच आहे. मार्च 2020 मध्ये 'आज रात्री दहानंतर हेलिकॉप्टरने औषध फवारणार, बाहेर पडू नका' असा निरोप देशभर फिरला होता आणि सरकारला तो खोटा असल्याचं जाहीर करावं लागलं. कीटकनाशकांच्या 1971 च्या नियमांत हवाई फवारणीसाठी वेगळं कलम आहे. त्यासाठी मंजूर झालेलंच औषध, मंजूर मात्रेत आणि मंजूर उंचीवरून वापरावं लागतं, किमान 24 तास आधी लोकांना सूचना द्यावी लागते आणि माणसं-जनावरं त्या क्षेत्राबाहेर ठेवावी लागतात. सूचना नाही तर फवारणी नाही. फवारणीचं हेलिकॉप्टर दिसतंही वेगळं: दोन्ही बाजूंना लांब नळ्या आणि त्यांवर तोट्यांची रांग. तशा नळ्या नसतील तर मुलांना खुशाल खेळायला सोडा. कृत्रिम पाऊस म्हणाल, तर 2019 मध्ये मराठवाड्यासाठी जो प्रयोग झाला तो पंखांच्या विमानाने, ढगांच्या पातळीवर जाऊन. इमारतीवरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरचा त्याच्याशी संबंध नाही.

आता 'अगदी खालून' म्हणजे किती. इथे प्रामाणिक माणसंही निम्म्याने चुकतात, आणि त्यामागे ठोस कारण आहे. चेतक या छोट्या लष्करी हेलिकॉप्टरच्या पात्यांचं वर्तुळ 11 मीटरचं, एमआय-17चं 21 मीटरहून जास्त. म्हणजे एमआय-17 सहाशे मीटरवर असतानाही चेतक तीनशे मीटरवर दिसेल तेवढंच दिसतं. लहान हेलिकॉप्टर बघायची सवय असलेला माणूस मोठं बघून शपथेवर सांगतो की गच्चीला घासून गेलं.

मोजायची सोपी रीत अशी. शाळेतली पट्टी डोळ्यापासून 57 सेंटिमीटरवर धरा. दोरी बांधून अंतर पक्कं करा. या अंतरावर पट्टीवरचा एक सेंटिमीटर म्हणजे एक अंश. हेलिकॉप्टर बाजूने दिसत असताना पात्यांचं वर्तुळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टीवर किती सेंटिमीटर भरतं ते बघा. खरा व्यास गुणिले 57, भागिले सेंटिमीटर, म्हणजे अंतर. चेतक दोन सेंटिमीटर भरलं तर 11 गुणिले 57 भागिले 2, म्हणजे सुमारे 313 मीटर. पण हे तिरकं अंतर झालं, उंची नव्हे. नजर क्षितिजापासून 30 अंश वर असेल तर उंची याच्या निम्मी, 45 अंशांवर असेल तर सुमारे सत्तर टक्के. पाती नीट दिसत नसतील तर धडाची लांबी घ्या: चेतकचं सुमारे 10 मीटर, एमआय-17चं सुमारे 18. हेलिकॉप्टर तोंडावर येत असताना मात्र धड मोजू नका, ते आखूड दिसतं आणि अंतर फुगतं.

जात ओळखायला पाती मोजा. फोटोत ती गोठून दिसतात. चेतकला तीन पाती आणि खाली चाकं, चीताला तीन पाती पण चाकांऐवजी घसरपट्ट्या आणि शेपूट उघड्या जाळीची. ध्रुवला चार, एमआय-17ला पाच. शेपटीचा पंखा उघडा नसून गोल चौकटीत बंद असेल तर ते डॉफिन किंवा तशाच पंख्याच्या दुसऱ्या जातीचं असू शकतं. अंगावर व्हीटी अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक म्हणजे भारतात नोंदलेलं नागरी हेलिकॉप्टर.

काचा थरथरल्या म्हणून ते खाली होतं, असंही म्हणता येत नाही. एमआय-17ची पाती मिनिटाला 192 फेरे घेतात. पाती पाच, म्हणजे सेकंदाला हवेला 16 ठोके. एवढा खालचा ठोका कानाला नीट ऐकू येत नाही, पण सैल सरकत्या खिडकीला तो बरोबर लागू पडतो. ॲल्युमिनियमच्या चौकटीत काच किंवा पल्ला ढिला असेल तर लांबूनही खडखडाट होतो. पल्ल्याची कडी घट्ट लावा, रबरी पट्टी वाळली असेल तर बदला, बराच फरक पडतो. हिवाळ्यातल्या सकाळी जमिनीलगत थंड आणि वर उबदार हवा असते, तेव्हा आवाज वर न जाता परत खाली वळतो आणि दूरचं हेलिकॉप्टर डोक्यावर वाटतं. दोन उंच इमारतींच्या मध्ये तर आवाज उलट्या बाजूने आल्याचा भास होतो. दिशा कानाने ठरवू नका.

मोबाइलवर विमानं दाखवणारं ॲप बघूनही भांडणं होतात. त्यातली उंची जमिनीपासूनची नसते, समुद्रसपाटीपासूनचीही नेमकी नसते. ती 1013 हेक्टोपास्कल हा ठरावीक दाब धरून काढलेली असते. समजा जुलैत ॲपने 3,200 फूट दाखवले आणि त्या वेळी लोहगावच्या हवामान नोंदीत दाब 1004 आहे. फरक 9. प्रत्येक हेक्टोपास्कलला सुमारे 30 फूट धरले तर 270 फूट वजा, उरले 2,930. लोहगाव विमानतळच 1,942 फुटांवर आहे, बावधनची जमीन दोन हजारांच्या आसपास धरा. म्हणजे हेलिकॉप्टर जमिनीपासून साधारण 930 फुटांवर, तीन हजारांवर नव्हे. हिवाळ्यात दाब 1016 असेल तर उलट 90 फूट मिळवायचे. आणि ॲपवर दिसलंच नाही तर लगेच गुप्त मोहीम समजू नका. लष्करी हेलिकॉप्टरं बहुधा आपली जागा उघड सांगत नाहीत. काही नागरी हेलिकॉप्टरांच्या संदेशात त्यांची जागा नसते, आणि मग ती काढायला जमिनीवरच्या संदेश पकडणाऱ्या किमान चार यंत्रांनी तो एकाच वेळी पकडावा लागतो. सूसच्या टेकडीआड खालून जाणाऱ्याचा संदेश तेवढ्यांना मिळत नाही.

नियम असा आहे: उतरणं आणि उठणं सोडून, दाट वस्तीवर हवाई वाहनाने 600 मीटरच्या परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या वर किमान 300 मीटर असायला हवं. इतरत्र जमिनीपासून 150 मीटर. अडथळ्यापासून मोजायचं, हे विसरलं जातं. तुमच्याजवळ 70 मीटरचा टॉवर असेल तर जमिनीपासून 370 मीटर हवेत. त्याच टॉवरच्या विसाव्या मजल्यावरून मात्र हेच हेलिकॉप्टर बरंच जवळ दिसेल. लष्करी उड्डाणं या नागरी चौकटीत येत नाहीत, आणि जवळ हेलिपॅड असेल तर शेवटच्या टप्प्याला ही मर्यादा लागत नाही. तक्रार लिहिण्याआधी हे दोन्ही तपासा, नाहीतर पहिल्याच उत्तरात ती निकाली निघते.

पात्यांखालचा वाराही नीट समजून घ्या. तेरा टनांचं एमआय-17 अधांतरी थांबतं, तेव्हा त्याच्या खालच्या वाऱ्याचा वेग हिशेबाने तासाला 90 किलोमीटरच्या आसपास येतो. दोन-सव्वादोन टनांच्या चेतकचाही सत्तरच्या पुढे. हेलिपॅडजवळच्या घरांनी गच्चीवरचे पत्रे, ताडपत्री, कुंड्या, वाळत घातलेले कपडे आधीच आवरावेत; मंडप असेल तर कापड उतरवावं. पण तीनशे मीटरवरून पुढे निघून गेलेल्या हेलिकॉप्टरने पत्रा उडाला, हे मात्र पटण्यासारखं नाही. मैदानात किंवा शेतात अचानक उतरलं तर पाती थांबेपर्यंत जवळ जाऊ नका, शेपटीकडे तर मुळीच नाही, आणि उतार असेल तर वरच्या अंगाने येऊ नका. त्या बाजूला पाती डोक्याच्या उंचीवर येतात. सोसायटीत कुणी ड्रोन उडवत असेल तर हेलिकॉप्टरचा आवाज येताच तो खाली घ्यायला सांगा. ड्रोनला साधारण 120 मीटरची मर्यादा असते, पण उतरत्या हेलिकॉप्टरची वाट तिथूनच जाते. लेझर वर रोखणं तर थेट वैमानिकाच्या डोळ्यांवर घाव घालणं आहे, मुलांना हे बजावून सांगा.

तक्रार करायची असेल तर चार दिवस एकाच वहीत नोंद ठेवा: तारीख, मिनिटापर्यंत वेळ, तुम्ही उभे होतात ती जागा आणि मजला, आलेली आणि गेलेली दिशा, घिरट्या किती, पाती किती, रंग, क्रमांक दिसला तर तो, आणि पट्टीवर किती सेंटिमीटर भरलं ते. एकच फोटो जोडा, पण ज्यात इमारतीची कड दिसते असा. नुसत्या आकाशातल्या ठिपक्याचा उपयोग नाही. आधी स्थानिक पोलीस ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियंत्रण कक्षात विचारा की परिसरात तात्पुरत्या हेलिपॅडला परवानगी आहे का. नसेल आणि हेलिकॉप्टर नागरी असेल तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला लेखी कळवा. लष्करी असेल तर जवळच्या लष्करी ठाण्याला पत्र द्या, पण त्याच्या हालचालींचे व्हिडिओ त्याच वेळी समाजमाध्यमांवर टाकू नका. धूर, अडखळता आवाज किंवा एकदम खाली घसरताना दिसलं तर वही बाजूला ठेवून 112 लावा आणि दिशेसोबत जवळची ठळक खूण सांगा: चांदणी चौकाच्या पश्चिमेला, अमुक टेकडीमागे. शोधपथकाला सोसायटीच्या नावापेक्षा तेवढंच जास्त कामाला येतं.